नारू कोणत्या गोळीने गेला?

दुष्काळी भागातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना नारू अजून आठवतो. पायाला फोड यायचा, आगआग व्हायची आणि फोड फुटला की दोऱ्यासारखा पांढरा जंत डोके बाहेर काढायचा. दीड-दोन हात लांबीचा तो जंत काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढावा लागे. घाईत तुटला तर पाय सुजे, पू होई आणि घरातला कमावता माणूस ऐन हंगामात आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. आज विशीतल्या मुलांना हा शब्दही ठाऊक नाही. १९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते आणि नारूग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्र होता. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

हा रोग कोणत्याही औषधाने गेला नाही. नारूवर गोळी नव्हती, आजही नाही. लसही नाही. एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, असेही नव्हते. हाताशी होती ती रोगाच्या प्रवासाची नेमकी माहिती. नारू झालेला माणूस पायाची आग शमवायला पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, तिथे जंत पाण्यात हजारो अळ्या सोडतो, पाण्यातले सूक्ष्म जीव त्या अळ्यांना गिळतात आणि ते जीव पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जातात. वर्षभराने त्याच्या पायाला फोड येतो. ही साखळी तोडण्यासाठी हातपंप बसवले गेले, पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा बदलल्या गेल्या, पाण्यात औषध टाकले गेले, घरोघरी पाणी गाळण्याचे कापड पोहोचले. फोड आलेल्याने पाण्यात उतरू नये हे कार्यकर्त्यांनी दारोदार सांगितले. शस्त्रक्रिया नाही, अतिदक्षता विभाग नाही, तरीही एक अख्खा रोग देशातून हद्दपार झाला.

एवढे मोठे यश पदरी असूनही महाराष्ट्रात आरोग्याची चर्चा रुग्णालयापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. किती खाटा वाढल्या, कुठे नवे वैद्यकीय महाविद्यालय आले, कोणत्या शस्त्रक्रियेला किती मदत मिळाली, यावर बातम्या होतात आणि भाषणे ठोकली जातात. रुग्णालये हवीतच. आजारी माणसाला उपचार नाकारणारा समाज स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेऊ शकत नाही. पण रुग्णालय म्हणजे आरोग्य नव्हे. ही गल्लत राज्याला महागात पडते आहे आणि तिची सर्वांत मोठी किंमत गरीब माणूस मोजतो आहे.

गल्लतीचे मूळ आपण आजार कशाला म्हणतो यात आहे. अंग दुखले, ताप आला, काम होईना, तर माणूस स्वतःला आजारी समजतो. त्रास नसेल तर तो धडधाकट. पूर्वीच्या साथींच्या काळात ही समजूत बरीचशी चालून गेली, कारण पटकी किंवा देवी झालेल्या माणसाला रोग झाल्याचे कुणी सांगावे लागत नसे. आजचे मोठे मारेकरी मात्र मुकाट्याने काम करतात. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो आणि डोकेही दुखत नाही. साखर वाढलेली असते आणि माणूस शेतात, दुकानात, कचेरीत नेहमीसारखा राबत असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. त्यांतल्या कितीतरी जणांना याचा पत्ता नाही.

ज्यांना पत्ता लागतो, त्यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते. ‘बीपीची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर लागते, म्हणून सुरूच करायची नाही’ हे वाक्य गावात आणि शहरातही सर्रास ऐकू येते. ‘आता बरे वाटते आहे’ म्हणून गोळी बंद करणारेही तितकेच. गोळी बरे वाटण्यासाठी नसून पुढचा पक्षाघात, पुढचा हृदयविकाराचा झटका, पुढचे मूत्रपिंडाचे आजारपण टाळण्यासाठी आहे, हे त्यांना सवडीने कुणी समजावलेले नसते. दुसरीकडे थकवा आला की ‘एक सलाईन लावा’ म्हणून आग्रह धरला जातो. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या नेहमीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम ग्लुकोज असते. तेवढ्याने एका भाकरीइतकीही ताकद मिळत नाही. जिथे औषधाची गरज आहे तिथे ते टाळले जाते आणि जिथे नाही तिथे पैसे मोजून घेतले जाते. यात लोकांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. आरोग्याविषयी बोलायला व्यवस्थेकडे वेळ नसला की लोक मिळेल त्या समजुतीवर चालतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ७ एप्रिल १९४८ रोजी लागू झालेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य, केवळ रोगाचा अभाव नव्हे, असे ती सांगते. पूर्ण सुस्थितीत असलेला माणूस शोधून सापडायचा नाही, ही त्या व्याख्येवरची टीका खरी आहे. पण तिने ‘सामाजिक’ हा एक शब्द आरोग्याच्या आत आणून बसवला, हे तिचे मोठे काम. पाणी कुणाला मिळते, ताटात काय पडते, बाईला दवाखान्यात जायची मुभा आहे की नाही, हे प्रश्न त्या शब्दाने आरोग्याचे प्रश्न ठरवले.

हे सामाजिक अंग विसरून, रोगाचे कारण नीट न समजता आणि लोकांना विश्वासात न घेता प्रतिबंध करायला गेले की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे १८९७ च्या पुण्यात सरकारचा सगळा रोख घरांवर आणि माणसांवर होता. प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख रँड याच्या अधिकारात गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत पोहोचले, सामान जाळले गेले, बायकामाणसांची अप्रतिष्ठा झाली. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. रोग मात्र पुढची अनेक वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला.

त्याच काळात दुसऱ्या रीतीचेही काम चालू होते. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ही त्या कामाची वारस. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे पोहोचवत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. सार्वजनिक आरोग्यासाठी दिलेले हे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे बलिदान. त्यांचे स्मरण करताना ही बाजू अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

विश्वासाने काय साधते, हे पुढे जामखेडने दाखवले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. गावकऱ्यांच्या मागण्यांत दवाखाना पहिला नव्हता. त्यांना हवे होते पाणी आणि अन्न. आरोळ्यांनी तीच वाट धरली. कूपनलिका खोदल्या, हातपंप बसवले, आणि अनेक ठिकाणी ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. जातीची एक भिंत आणि दूषित पाण्याचा रोग, दोन्हींवर एकाच हातपंपाने घाव घातला.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना गावात पाठवून पाहिले. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीचे गाव ऐकेना आणि तिलाही तिथे रुजता येईना. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून शिकवत: बाळंतपणात स्वच्छता कशी ठेवायची, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, वरचे अन्न कधी सुरू करायचे. १९७१ साली या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत. पाच-सहा वर्षांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर आरोग्य लोकांच्या हाती देण्याचा हा विचार १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने जगापुढे ठेवला होता आणि त्याचे एक जितेजागते उदाहरण मराठी मुलखात उभे होते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी या कामाला शास्त्रीय मोजमापाची जोड दिली. १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के जणींनीच सांगितली होती आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. एवढे मोठे दुखणे सरकारी नोंदींत कुठेच नव्हते. अंगावर काढणे हा बाईचा धर्म मानणाऱ्या समाजात दुखणे आजार म्हणून मोजलेच जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

बंग दाम्पत्याचे दुसरे काम नवजात बालकांचे. गडचिरोलीच्या खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी तान्हुल्याला घेऊन बाळंतीण दवाखाना गाठत नसे. म्हणून त्यांनी ३९ गावांत काळजीच घरी नेली. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्या बाळाचे वजन करत, श्वास मोजत, बाळाला ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकही देत. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी होती. आरोग्यदूतांच्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले आणि २०११ साली घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाला. गडचिरोलीच्या बायकांनी पाड्यांवर केलेले काम देशाचे धोरण बनले.

तिसरे उदाहरण बार्शीचे आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधी अनेक वर्षे पेशींत बदल होत राहतात. ते वेळीच सापडले तर छोट्या उपचाराने कर्करोग टळतो. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि कर्करोगावरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांसह मोठी चाचणी घेतली. एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात फक्त एकदा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते जगभर आधार मानले जातात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या आरोग्य सेविकांना शिकवून, केवळ पातळ सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी करायच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवून दाखवले.

आणि तरीही २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची अशी तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया दोन टक्केसुद्धा भरल्या नाहीत. ज्ञान बार्शीत तयार झाले आणि बार्शीपासून पन्नास कोसांवरच्या बाईपर्यंत पोहोचले नाही. हे अपयश विज्ञानाचे नव्हे, प्राधान्यक्रमाचे आहे.

असे का होते? प्रतिबंधाला लाभार्थीचा चेहरा नसतो. शस्त्रक्रिया होऊन वाचलेला माणूस हात जोडून आभार मानतो, त्याचा फोटो छापता येतो. ज्या बाईला कर्करोग झालाच नाही, तिला आपण वाचलो हेच माहीत नसते. ज्याचा पक्षाघात टळला, तो कुणाला धन्यवाद देत नाही. त्यामुळे मते मागताना प्रतिबंध कामाला येत नाही आणि अर्थसंकल्पात तो मागे पडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक आरोग्यसेवेला देण्याचे ठरवले होते. देश त्या लक्ष्यापासून अजून दूर आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कर्ज काढून उपचार करणाऱ्या घराला तिचा खरोखर आधार आहे. पण ती मुख्यतः माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. त्याच माणसाला दहा वर्षे उपकेंद्रात रक्तदाबाची गोळी अखंड मिळाली असती, तर दाखल होण्याची वेळ कदाचित आलीच नसती. हे स्वप्नरंजन नाही. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ठरलेली मोजकी औषधे, घराजवळ पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा एवढ्यावर काम उभे केले. गोळी संपण्याआधी पुढची गोळी हाती पडणे, यात त्याचे सगळे मर्म आहे.

प्रतिबंधाच्या नावाखाली सगळा भार माणसाच्या सवयींवर टाकण्याची एक नवी रीतही रूढ होते आहे. चालायला जा, फळे खा, ताण घेऊ नका, मीठ कमी करा. सल्ले बरोबर आहेत. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रत्येक घराने पाळावी अशीच आहे. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईला फळे खा म्हणणे आणि रस्त्यावर पदपथच नसलेल्या शहरात चालायला जा म्हणणे पुरेसे नाही. त्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या पाहणीतल्या ४८ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेले. ही आकडेवारी मजुरी, रेशन, पाणी आणि घरातल्या बाईने सर्वांत शेवटी जेवण्याच्या रीतीविषयी बोलते. तिचे उत्तर एकट्या आरोग्य खात्याकडे नाही.

सरकारने करायची कामे अवघड नाहीत. उपकेंद्रांतली रिक्त पदे भरावीत. रक्तदाब आणि मधुमेहाची मूलभूत औषधे एक दिवसही संपू देऊ नयेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाची तपासणी तिच्या गावाजवळ व्हावी. ज्या आशाताईंच्या पायांवर हे सगळे उभे आहे, त्यांना स्वयंसेविका म्हणून मानधनावर राबवणे थांबवून कामगाराचा दर्जा आणि वेळेवर वेतन द्यावे. आरोग्यदूतांनी गडचिरोलीत जे सिद्ध केले, त्याच्या मोबदल्यात राज्य एवढे देणे लागते.

नागरिकांच्या हातीही काम आहे. प्रत्येक गावासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची तरतूद आहे आणि तिला थोडा का होईना निधी मिळतो. तो कशावर खर्च झाला, पिण्याच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत का, हे तीन प्रश्न पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. शहरात राहत असाल तर तेच प्रश्न नगरसेवकाला विचारा. आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा, विशेषतः कधीच तक्रार न करणाऱ्या आईचा, बायकोचा, बहिणीचा रक्तदाब या आठवड्यात मोजून घ्या.